ओव्या, गोंधळ आणि मिरजेत बनलेली गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम झाला की लोक गिटार बघायला येतात, कुणी आत वाकून बघतं, कुणी वास घेतं लाकडाचा, आणि मग प्रश्न सुरू होतात. बरेचसे तेच तेच असतात पण चांगले असतात, त्यामुळे निवांत बसून उत्तरं लिहिलीयत. काही लांबलीत, कारण तो विषयच माझ्या जवळचा आहे.

लोकगीत आणि गिटार हे जमतं कसं?

जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, गोंधळ, भारूड, वासुदेवाची गाणी आणि पोवाड्यातले तुकडे, एवढं मी वाजवते आणि गाते. यातली बहुतेक गाणी एका सा वर उभी असतात. ओवीखाली तुम्ही दर ओळीला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, बदलत गेलात की ती ओवी राहत नाही, सिनेमातल्या गाण्यासारखी काहीतरी होते, म्हणून मी कॉर्ड जवळजवळ धरतच नाही. उजव्या हाताचा अंगठा खालचा सा सोडत नाही आणि वरच्या तारांवर बोटांनी चाल चालते. गोंधळात तुणतुणं जे काम करतं ना, तेच माझा अंगठा करतो. लोकांना वाटतं मी गिटारवर लोकगीत बसवलंय, मला स्वतःला ते उलटं वाटतं, गाण्याला जे लागत होतं ते या वाद्यातून मिळालं आणि जिथं मिळेना तिथं वाद्यच तसं बनवून घेतलं.

गाणं घरातूनच आलं का?

हो. आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं, दुष्काळी पट्टा. आजी जात्यावर बसली की ओवी सुरू व्हायची आणि दळण संपेपर्यंत थांबायची नाही, त्यात माहेर यायचं, भाऊ यायचा, विठ्ठल यायचा, शेजारणीचं भांडणसुद्धा यायचं. जात्याची घरघर हाच तिचा तानपुरा होता. तिच्या ओव्यांची लय अशी एकसारखी नसते, हात थकला की ओळ लांबते, दाणा टाकायला हात गेला की मधेच थांबते, आणि ते थांबणं मी गिटारवर मुद्दाम ठेवते.

वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यामुळे भजनी ठेका कानात लहानपणापासून. आणि आरेवाडीला बिरोबाच्या बनात यात्रा भरते तिथं धनगरी ढोल, ते ढोल एकदा जवळून ऐका, छातीत वाजतात.

दुसरं म्हणजे हा सगळा भागच शाहिरांचा आणि तमाशाचा. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे, काळू-बाळू सांगलीजवळच्या कवलापूरचे, आणि साताऱ्याकडे वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे. आमच्याकडे यात्रेत फड आला की मोठी माणसं पुढं बसून शाहिराकडं बघायची, माझं लक्ष मागं उभ्या झीलकऱ्याकडं. हातात तुणतुणं, तोंडात जी जी रं जी, आणि शाहिराचा दम संपला की सूर धरून ठेवायचं काम त्याचं. तुणतुणं म्हणजे काय, लाकडाचा पोकळ डबा, तळाला कातडं, बाजूला दांडी, वर एक खुंटी आणि एकच तार. त्या एका तारेवर अख्खा फड सुरात राहतो. त्या माणसाकडं कुणी कॅमेरा फिरवत नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

शास्त्रीय शिकलात का?

थोडं. मिरजेत गाण्याच्या बाईंकडे जायचे, पेटी आणि गळा दोन्ही. तिथं तानपुरा लावायला शिकले, ते पुढं सगळ्यात जास्त कामी आलं. मिरजेत गाण्याचा कान तयार व्हायला फार लांब जावं लागत नाही, अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, १९३७ ला गेल्यावर त्यांचं दफनही मिरजेतच झालं, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीत गायन-वादन होतं. आम्ही पोरी रात्री उशिरापर्यंत तिथं बसून ऐकायचो.

मग गिटार कुठून आली?

पुण्यात कॉलेजला असताना, हॉस्टेलवर. एका मैत्रिणीकडे फॅक्टरीची साधी गिटार होती, तिनं चार कॉर्ड शिकवले आणि ते चार कॉर्ड मला आमच्या कुठल्याच गाण्याखाली बसवता येईनात. मग कळलं की तिकडच्या लोकगीतवाल्यांनाही हीच अडचण आली होती. इंग्लंडमधल्या डेव्ही ग्रॅहमनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोत औद, म्हणजे तिकडचं बिनपडद्यांचं तंतुवाद्य, वाजवणाऱ्यांबरोबर वाजवता यावं म्हणून गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या, डी ए डी जी ए डी अशा, आणि मग आयरिश, स्कॉटिश गाणी वाजवणाऱ्यांनी ते ट्यूनिंग उचललं कारण त्यांच्याकडं पण बॅगपाइपसारखं एक सूर धरून ठेवणारं वाद्य आहे. मी तसं लावून बघितलं आणि आजीची ओवी लगेच बसली.

ट्यूनिंग कुठलं ते नीट सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. डी ला सा धरा, म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. मग जाड तारेकडून बारीक तारेकडे सहा तारा होतात सा, प, सा, म, प, सा. बघा, यात गंधार कुठंच नाही, ना शुद्ध ना कोमल, त्यामुळे गाणं कुठल्याही वळणाचं असलं तरी मोकळ्या तारा त्याच्याशी भांडत नाहीत. साध्या ट्यूनिंगवरून इथं यायला फक्त तीन तारा उतरवायच्या, पहिली, दुसरी आणि सहावी, तिन्ही एकेक पूर्ण स्वर खाली.

माझा सा काळी तीन, मग मी चौथ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावते. काळी एकच्या शाहिराबरोबर वाजवायचं असेल तर कॅपो काढून सगळ्या तारा अर्ध्या स्वरानं आणखी खाली. आणि कुणी बाई काळी चारमधे गाणारी असेल तर कॅपो सहाव्या पडद्यापर्यंत नेऊ नका, आवाज चिमतो. त्याऐवजी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून तिसऱ्या तारेला, म्हणजे जो आधी म होता त्यालाच सा धरायचं, मग तारा होतात प, रे, प, सा, रे, प. गोंधळाला हे फार गोड लागतं कारण खाली पंचम घुमत राहतो.

गिटारचे सूर पेटीसारखे ठोकलेले असतात, लोकगीताचे सूर त्यात बसतात का?

पूर्ण बसत नाहीत, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. गिटारचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकायला बारीक फरक वाटतो पण खाली सा घुमत असताना तो गंधार टोचतो. तार ओढून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. कोमल गंधाराचं उलटं आहे, तो गिटारवर जरासा उतरलेला मिळतो म्हणून किंचित ओढला की जागेवर येतो, आणि आजीच्या ओव्यांत कोमल गंधार भरपूर, हे माझं नशीब. शुद्ध गंधाराची गाणी असली की मी तिसरी तार म वरून अर्धा स्वर खाली ग वर आणते आणि ट्यूनर न बघता कानानं लावते, मोकळी तार असल्यामुळे ती हवी तिथं ठेवता येते. क्लिपवाल्या ट्यूनरवर ती चुकीची दाखवते, दाखवू द्या.

तुमची गिटार कोणी बनवली? कंपनी कुठली?

कंपनी नाही. मिरजेतल्या सतार-तानपुरा बनवणाऱ्या एका कारागिरानं बनवलीय, मी त्यांना चाचा म्हणते. नाव इथं टाकत नाही कारण त्यांना एवढ्या ऑर्डरी नकोयत, आधीच्याच तानपुऱ्यांचं काम चालू असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालतं. पटवर्धनांच्या संस्थानात फरीदसाहेबांनी सुरुवात केली, मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, हत्यारं बनवणारी माणसं, धातू आणि लाकूड दोन्हीत हात बसलेला. पुढं त्या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड कर्नाटकातनं.

मी पहिल्यांदा गिटारचं विचारायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, आधी वाजवून दाखव, मग लाकूड बघू. बराच वेळ ऐकलं, मधे मधे अंगठ्याची तार बंद करायला लावली, परत सुरू करायला लावली. मग त्यांनी विचारलं की ही तार थांबल्यावर आवाज किती वेळ राहायला पाहिजे. दुकानात मला हा प्रश्न कुणी कधी विचारलेला नव्हता, तिथं विचारतात बजेट किती आणि कलर कुठला.

सतार बनवणाऱ्याला गिटार जमली कशी, वेगळीच तर असते?

वेगळी आहेच. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे पडदे पट्टीत ठोकलेले, एकदा खाच पाडली की संपलं. त्याचा हिशोब असा की नटपासून सॅडलपर्यंतच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत मोकळ्या तारेच्या, लांबीला १७.८१७ नं भागायचं, तिथं पहिला पडदा, मग जी लांबी उरली तिला परत १७.८१७ नं, असं शेवटपर्यंत. माझ्या गिटारची लांबी ६५० मिलिमीटर, म्हणजे पहिला पडदा साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मधे ३२५ वर. चाचांनी पितळी पट्टीवर सगळ्या खुणा करून घेतल्या आणि मगच करवत लावली.

दुसरं म्हणजे ताण. गिटारच्या सहा स्टीलच्या तारांचा मिळून ओढा सत्तर किलोच्या आसपास जातो, आणि तो पेलते तीन मिलिमीटरपेक्षा पातळ फळी. म्हणून आतून पट्ट्या लावाव्या लागतात. एक्ससारख्या आडव्या-तिडव्या पट्ट्यांची पद्धत अमेरिकेत मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात रुळली, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, स्टीलच्या तारा नंतर आल्या आणि तीच पद्धत त्यांना उपयोगी पडली. आमच्या गिटारला तीच आहे, फक्त मी खाली ट्यून करते म्हणून चाचांनी पट्ट्या पटाशीनं जास्त तासल्या. तासायचं, बोटानं टिचकी मारायची, कानाला लावायचं, परत तासायचं. ते बघत बसणं मला गाणं ऐकण्याइतकंच आवडायचं.

बाजूच्या फळ्या ओल्या करून गरम पाइपवर वाकवल्या. जोडायला सरस वापरला, कारण पुढं कधी उघडायची वेळ आली तर उष्णतेनं आणि वाफेनं सुटतो. वरून चपडी लाखेचं पॉलिश, कापडाच्या बोळ्यानं, पातळ पातळ हात देत. एका पावसाळ्यानंतर सुरू केलेली गिटार पुढच्या उन्हाळ्यात हातात आली.

लाकूड कुठलं आहे?

माझ्याकडे दोन आहेत. मोठीचा टॉप, म्हणजे वरची फळी, सिटका स्प्रूसचा, हे झाड अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्याकडचं, बाहेरूनच मागवावं लागतं. मागची आणि बाजूची फळी शिसवीची, ती आपली, जगभरातल्या गिटारवाल्यांना इंडियन रोझवूड म्हणून हवी असते. नेक, म्हणजे मान, तुणीचं. मिरजेत सतारीला तुणीचं लाकूड वापरतातच, आणि स्पेनमधे क्लासिकल गिटारच्या नेकला जे सेड्रेला नावाचं लाकूड घेतात ते तुणीचं अगदी जवळचं नातलग आहे, महोगनी पण त्याच कुळातलं. त्यामुळे तुणीचं नेक म्हणजे जुगाड वगैरे नाही, असं बोलणाऱ्यांना मी हेच सांगते. आत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी धातूची सळई, आहे, तेवढा आधार लागतो.

धाकटी गिटार अंगानं लहान आहे, तिची मागची बाजू पण तुणीची. आवाज कमी पण उबदार, ओव्यांना मी तीच घेते. गोंधळाला मोठी.

परदेशी नेताना शिसवीचा प्रॉब्लेम येतो का असं विचारतात. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींवर सायटीस या झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम लागले होते पण २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. नुसतं लाकूड पाठवायचं असेल तर कागदपत्रं लागतात.

आवाज नक्की कशामुळे येतो, महाग लाकडामुळे?

वरच्या फळीमुळे. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं १८६२ मधे एका गिटारचा टॉप लाकडाचा ठेवून मागची आणि बाजूची बॉडी कागदाच्या लगद्याची केली होती, हेच दाखवायला. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत म्युझियममधे आहे. मागच्या लाकडाचा काहीच परिणाम नाही असं नाही, शिसवीनं खालचा सूर जास्त वेळ राहतो असं मला तरी ऐकू येतं, पण पैसे कमी असतील तर ते टॉपवर घाला. टॉप नीट उभ्या शिरांचा पाहिजे, शिरा सरळ आणि जवळ जवळ.

गिटारला जवारी काढता येते का?

हा प्रश्न मीच चाचांना विचारला होता! जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो घुमणारा झंकार. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिला घासत कंप पावते, खाली सुताचा धागा सरकवला की तो झंकार उघडतो. गिटारचं सॅडल अरुंद असतं, तार एका कडेवरून सुटते म्हणून सूर स्वच्छ येतो. गिटारला रुंद सॅडल लावलं तर झंकार येईल, पण तार नेमकी कुठून सुटते ते पक्कं राहत नाही आणि ठोकलेल्या पडद्यांवर सूर हलतात. सतारीत ते चालतं कारण पडदा सरकवता येतो आणि मींड घेताना, म्हणजे तार ओढून सूर सरकवताना, कान सूर सांभाळतो.

म्हणून आम्ही फक्त सहाव्या तारेपुरतं केलं, कारण ती मी दाबतच नाही, ती बहुतेक वेळा मोकळा सा. तिच्याखाली हाडाचा छोटा रुंद तुकडा, चाचांनी कानशीनं घासून जवारी काढलेला. मोठ्या गिटारचा तो जो घुमणारा आवाज लोकांना मशीनचा वाटतो तो हा आहे. काही इफेक्ट लावलेला नाही. तार बदलली की जवारी परत बघावी लागते, दर वेळी मिरजेला जाते.

हातानं बनवलेली गिटार फॅक्टरीपेक्षा चांगलीच असते का?

नाही. आज फॅक्टरीच्या गिटारी फार नीट येतात, पडदे अचूक, नेक सरळ. रोज सिनेमातली गाणी साध्या ट्यूनिंगमधे वाजवणार असाल तर तीच घ्या, उगाच खर्च करू नका. फॅक्टरी सगळ्यांना चालेल अशी बनवते. तुमचं वाजवणं वेगळं असेल, खालचं ट्यूनिंग, बोटांचं वाजवणं, हात लहान, तर मग हातानं बनवलेलीला अर्थ येतो. माझा हात लहान आहे, नेक त्या मापानं तासलंय, हे दुकानात कुठं मिळणार.

किंमत विचारू नका असं नाही, पण लाकूड बदललं की आकडा बदलतो. एवढं नक्की की त्यात कारागिराचे कित्येक महिने असतात, तेव्हा घासाघीस करायला जाऊ नका, मला ते बघवत नाही.

मुलासाठी पहिली गिटार कुठली घेऊ?

सॉलिड टॉपवाली, एवढं एकच बघा. ओळखायचं कसं तर आवाजाच्या गोल भोकाच्या कडेला बघा, वरच्या शिरा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. मग बाराव्या पडद्याजवळ जाड तार किती उचललेली आहे ते बघा, अडीच मिलिमीटरपेक्षा फार जास्त असेल तर दुकानातच सेट करून मागा, नाहीतर पोरगं बोटं दुखतात म्हणून महिन्यात सोडून देतं आणि घरचे म्हणतात त्याला आवड नाही.

आपल्याकडच्या हवेत गिटार टिकते का?

काळजी घेतली तर टिकते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. साताऱ्याकडे, त्यातून महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पावसाळ्यात हवा ओलीचिंब, आणि आमच्या कवठेमहांकाळ-जतकडे एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात. ओल वाढली की टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात, वाजवायला जड होतं. कोरडं पडलं की पडद्यांची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचायला लागतात, ही पहिली खूण, तेव्हाच जागे व्हा, नंतर टॉपला चीर जाते.

केस बंद ठेवा, आत छोटं आर्द्रतेचं मीटर ठेवा, स्वस्तात मिळतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला करून पिळलेला स्पंज. भिंतीला टांगून ठेवू नका, बाहेरची भिंत असेल तर अजिबातच नाही, आणि बंद गाडीत उन्हात तर कधीच नको.

तारा कुठल्या वापरता?

फॉस्फर ब्राँझ, १२ चा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच), सहावी तार त्यातली काढून एक नंबर जाड घालते कारण ती खूप खाली उतरते. वाजवून झालं की कोरड्या कापडानं पुसते.

शिकवता का?

सांगलीत, घरी, थोड्या जणांना. कॉर्डचं पुस्तक आणू नका. तुमच्या घरातलं एक गाणं आणा, आजीचं, आत्याचं, गावच्या भजनाचं, फोनमधे रेकॉर्ड करून. आधी ते गायचं, मग सा शोधायचा, मग अंगठा. ज्यांच्या घरात अजून ओव्या म्हणणारी बाई आहे त्यांनी क्लासला नंतर या, आधी तिच्यासमोर बसा आणि सगळं रेकॉर्ड करून घ्या, ओळी अर्धवट आठवल्या तरी चालतील, चाल महत्त्वाची. आमच्या आजीच्या कितीतरी ओव्यांच्या चाली मला पाठ आहेत पण काही काही कायमच्या गेल्या, आता विचारायला कुणी नाही.

आमच्या गावात कार्यक्रम ठेवायचाय, काय लागेल?

डीजेचे बॉक्स नकोत. एक गळ्याचा माइक, एक गिटारचा, दोन साधे स्पीकर बास. गिटारच्या आत पिकअप, म्हणजे आवाज थेट स्पीकरला देणारं यंत्र, बसवलेला नाही, त्यामुळे आवाज फार वाढवला की शिट्टी वाजते, साउंडवाल्याला आधीच सांगा. बसायला सतरंजी चालते, गिटार टेकवायला पाटाएवढी उंची पाय ठेवायला लागते. गावात संबळ किंवा तुणतुणं वाजवणारे कुणी असतील तर त्यांना नक्की बोलवा आणि त्यांचं मानधन माझ्याआधी ठरवा, त्यांच्या सुरात मी माझी गिटार लावून घेईन. पावसाळ्यात उघड्या मंडपात मात्र जमणार नाही, देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा हॉल बघा.